नकाशात पूल, पाण्यात दादा

३ मार्च, मंगळवार

दादा ओढ्यात पडला! कमरेपर्यंत भिजला, कोपर सोलवटलं, पांढरी काठी वाहून गेली. आणि कशामुळे? तर कानातला फोन म्हणाला, "पुढे पूल आहे." पूल कसला डोंबलाचा! तिथे पाण्यात नुसते दगड टाकलेत, एकेकावर पाय ठेवत जायचं. दिसणाऱ्यांचीही तारांबळ उडते तिथे. हा बिचारा कठडा चाचपत सरळ चालत गेला.

वहिनी त्याचं डोकं पुसताना म्हणाली, "बास झालं आता. मी गाडीने नेऊन सोडत जाईन."

"मी काय पार्सल आहे?" म्हणाला, आणि गप्प झाला. दादा ओरडला तर मला काही वाटत नाही. गप्प बसला की धस्स होतं.

४ मार्च, बुधवार

दोन वर्षांपूर्वी डोळे गेले, तरी दादा रोज एकटा सायकलच्या दुकानात जायचा. दुकान अर्धं त्याचं, अर्धं भागीदाराचं. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, अजून बोटांनी काढतो, डोळस कारागिरापेक्षा सरस. पण मोठा रस्ता रुंदीकरणासाठी उखडलाय, म्हणून काल पहिल्यांदाच मागच्या पायवाटेने निघाला. ही वाट ओढा चारदा ओलांडते. दुसऱ्याच ठिकाणी घात झाला.

आज भागीदाराचा मला फोन. दादाने त्याला सांगितलंय — महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या पायांनी येता आलं तर ठीक, नाहीतर माझा वाटा तू घे.

"ताई, समजवा हो त्याला," भागीदार म्हणाला. "मला एकट्याला नको ते दुकान."

समजावू काय कप्पाळ! ओढ्याला समजावू?

५ मार्च, गुरुवार

चोर सापडला! फोन ज्या नकाशावर चालतो, तो हौशी लोक फुकट बनवतात, आणि कुणीही दुरुस्त करू शकतं. वाटेची रेघ आणि ओढ्याची रेघ एकमेकींना कापतात, तिथे लाल खूण येते — माणूस पलीकडे जातो कसा? पूल आहे, दगड आहेत, की पाण्यातूनच? 'पूल' दाबला की खूण गायब. 'घार' नावाच्या कुणा महाभागाने आकाशातून घेतलेला फोटो बघून चारही ठिकाणी पूल दाबलाय. खुणा गेल्या, काम फत्ते!

मी दिवसभर लोकांचे दात बनवते. तोंडाचं माप न घेता कवळी केली तर गिऱ्हाईक ती माझ्याच अंगावर फेकेल. आणि हा घरबसल्या पूल बांधतोय!

नाही, आता मी ही वाट सोडत नाही. दादाचं दुकान असं जाऊ देणार नाही.

८ मार्च, रविवार

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून सगळी वाट पालथी घातली. अंग ठणकतंय, पण मजा आली!

पहिली मोरी आहे. पाणी वाटेखालून पाइपातून जातं, पायांना कळतही नाही. दुसरे ते दुष्ट दगड. तिसरीकडे फळी, कठडा फक्त डाव्या हाताला. आणि चौथा — चौथा खरंच पूल निघाला! लोखंडी, दोन्हीकडे कठडे. घारीचं एक तरी बरोबर निघालं याचा मला इतका राग आला की कठड्याला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

९ मार्च, सोमवार

सगळं नकाशात भरलं. छाती फुगलीय नुसती.

१० मार्च, मंगळवार

घारीने पुसलं! चारही परत पूल! वर शहाणपण — "सगळीकडून पलीकडे जाता येतं ना? मग ही चिरफाड कशाला? नकाशा सुटसुटीत हवा."

मी जे उत्तर लिहिलं ते इथेसुद्धा लिहिण्यासारखं नाही. पाठवलं नाही. खोडलं. मग एवढंच पाठवलं — "तुमच्या पुलावरून माझा भाऊ पाण्यात गेला. त्याला दिसत नाही. रविवारी या आणि पूल दाखवा."

११ मार्च, बुधवार

उत्तर नाही. पळपुटा.

दादाने नवी काठी अजून वेष्टनातून काढलेली नाही.

१५ मार्च, रविवार

आला! मला वाटलं होतं कुणी कॉलेजचा उंडगा असेल. निघाला बसचा ड्रायव्हर — जाडजूड, लाजरा, मान खाली घालून बोलणारा. पाठदुखीने घरी बसलाय, वेळ जात नाही म्हणून नकाशे करतो. दगडांपाशी नेलं, म्हटलं, या, डोळ्यांवर रुमाल बांधा. बांधला की मुकाट! फोन कानाला लावला.

"पुढे पूल," फोन म्हणाला. घारीने भीत भीत पाय पुढे टाकला, आणि बदाककन पाण्यात. मी दंड धरला होता म्हणून बूटच भरला, नाहीतर आख्खा गेला असता. रुमाल काढून तो खाली बघत राहिला.

"ताई, मी असे शेकडो टाकलेत हो. सगळीकडे."

हसू येत होतं, ते एकदम थांबलं. त्या शेकडोंवर कोण कोण चालत असेल!

मग दोघांनी मिळून पुन्हा सगळं मोजलं. 'फळी म्हणजे पूलच' यावरून भांडलोही. शेवटी ठरलं — पूल म्हणा, पण अरुंद आहे आणि कठडा एकाच बाजूला, हे लिहायचंच. जाताना म्हणाला, "आता बाकीचे सगळे पुन्हा तपासतो. जिथे गेलो नाही, तिथे लाल खूण तशीच राहू दे." जिंकले! आणि खरं सांगू, माणूस वाईट नाही.

२२ मार्च, रविवार

दादाला घरातच फोन ऐकवला. हाताची घडी घालून ऐकलं. मला वाटलं, आता शाबासकी देईल.

"पाणी कुठल्या हाताकडून येतं?"

"म्हणजे?"

"अगं बुटके, आवाज कुठल्या कानात हवा? नाहीतर मी वळलोय हे मला कळणार कसं?"

हे ना मला सुचलं ना घारीला! धावत गेले आणि बघून आले. दुसऱ्या जागी उजवीकडून. लिहिलं. परत आले तर काठीचं वेष्टन केराच्या डब्यात!

२८ मार्च, शनिवार

आज दादा निघाला. वहिनी दारात उभी, चेहरा पांढराफटक. "कुणी मागे यायचं नाही," त्याने बजावलं.

मी गेलेच. लांबून, झाडांच्या आडून. मोरी पार. मग ते दगड. तो थांबला, मान जराशी उजवीकडे केली, काठीने पहिला दगड शोधला. पाय. काठी. पाय. पलीकडे! अगदी कोरडा! मी आनंदाने उडीच मारली, घाईघाईत दगडांवर चढले आणि धपकन पाण्यात बसले.

"बुटके, लागलं का गं?" दादा पलीकडून. हसतोय मेला! "घरापासून तुझ्या चपला फटफट वाजतायत." परत दोन दगड आत आला, काठी पुढे केली आणि मला बाहेर ओढलं.

फळी, पूल, दुकान. मी निथळतेय, दादा कोरडा ठणठणीत. भागीदाराने त्याचे दोन्ही हात धरले. मग म्हणाला, "महिनाअखेरीचं काय?"

"कसली महिनाअखेर? चाक आण."

मी तिथेच रडले. वाटलं तर हसा मला! वहिनीला फोन केला तर तीही रडत होती.

३१ मार्च, मंगळवार

भर दुपारी कामावर असताना दादाचा फोन. मागे दुकानाचा आवाज नाही, नुसतं पाणी. "कुठे आहेस?"

"माहीत नाही. दुकानाच्या पुढे एक वाट लागली. फोन म्हणतो, इथे काहीच नाही."

"तिथेच थांब! मी येते!"

"येऊ नकोस. लिहून घे. पूल नाही, दगड नाहीत. पाणी घोट्याच्या वर, डावीकडून येतं. तळ वाळूचा, पक्का. बूट हातात घ्यावे लागतात. लिहिलंस? — मी पलीकडे आहे."