स्टेशन धुतल्याबद्दल

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. (माझ्या गुडघ्यांना तो प्रत्यक्षात जमत नाही, कागदावर जमतो, म्हणून पत्रातच उरकून घेते.) तुमची कंबर आता कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे मी ठीक आहे आणि तुमचे बंधुराज बोलत नाहीत. कुणाशीच बोलत नाहीत, तेव्हा माझ्यावरच राग आहे असं काही म्हणता येत नाही. पण कारण मीच आहे. मी त्यांचं स्टेशन धुतलं.

असं एकदम सांगितलं तर भावजयीचं डोकं फिरलं असं वाटेल, म्हणून मुळापासून सांगते. निवृत्त झाल्यावर हे खिडकीपाशी खुर्ची टाकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे, ते तुम्ही मागच्या खेपेला पाहिलंतच. काय झालं विचारलं तर ‘काही नाही’. त्या ‘काही नाही’ची मला भीती वाटायला लागली होती. मग एक दिवस कुठून तरी छोट्या आगगाडीचं खोकं आलं. गाडी आली म्हणजे रूळ आले, रूळ आले म्हणजे स्टेशन हवं, आणि स्टेशन तयार विकत आणणं म्हणजे कमीपणा. ते प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांतून कापून घरीच बांधायचं. त्यात जेवणाचं टेबल गेलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. पण जेवताना हे बोलायला लागले (प्लॅटफॉर्मच्या छपराला खांब किती हवेत याच्यावर, पण बोलायला लागले), म्हणून मी टेबलावर पाणी सोडलं.

टेबलाची व्यवस्था मात्र बघण्यासारखी आहे. ज्या माणसाला स्वतःचे मोजे आजवर बायकोला हाक मारल्याशिवाय सापडले नाहीत, त्याने टेबलामागे एक फळी उभी केली, तिच्यावर प्रत्येक हत्याराला एक खिळा ठोकला आणि खिळ्याखाली त्या त्या हत्याराची आकृती पेन्सिलीने काढली, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबून कळावं. औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत खिडक्या, दारं, दिव्यांचे खांब, प्रत्येकीवर चिठ्ठी. माझा भुवयांचा चिमटा हरवला म्हणून मी घर पालथं घातलं, तर तो फळीवर आकृतीसकट लटकत होता, खाली ‘बारीक चिमटा. वापरून जागेवर ठेवणे.’ हल्ली भुवया करायच्या तर मला परवानगी काढून टेबलाशी जावं लागतं. (परवानगी मिळते. भिंगही मिळतं.) शिवाय हे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान, त्यामुळे दारात आलेल्या माणसाकडे हे आधी मापाने बघतात. मी पावणेदोन सेंटिमीटर आहे. तुम्ही माझ्याहून थोड्या जास्त भराल असं त्यांचं म्हणणं. उंचीतच, म्हणाले.

तर स्टेशन बांधून झालं. विटांच्या रेघा, हिरव्या खिडक्या, तिकिटाची जाळी, इतकं सुबक की मी शेजारणीला बोलावून दाखवलं. आणि दुसऱ्या दिवशी बघते तर हे ते घाण करत बसलेले! नवीन स्टेशन खोटं वाटतं म्हणे. कोळशाची पूड, गंजाचा रंग, खिडकीखालून पावसाच्या पाण्याचे ओघळ, सगळं सुक्या रंगात, कानाच्या काडीएवढ्या ब्रशने. आधी पैसे देऊन रंग आणायचा आणि मग तो उडालेला दाखवायचा, हा उद्योग मला काही झेपला नाही. बरं, घाण हवी तर आमच्या घरात ती तयार आहे. न्हाणीघरामागच्या भिंतीला ओल आली आहे, पोपडे सुटले आहेत. मी रंगारी ठरवला. तो शिडी घेऊन आला तर तुमचे बंधुराज भिंतीपुढे दोन्ही हात पसरून उभे. ‘हात लावायचा नाही. माझं अजून चालू आहे.’ स्टेशनचे ओघळ ते त्या भिंतीवरून उतरवून घेत होते. रंगाऱ्याने आजवर ओल घालवायला सांगणारी गिऱ्हाइकं पाहिली होती, जपायला सांगणारं पहिलंच. जाता जाता त्याने मला हळूच विचारलं, ‘काकांची तब्येत बरी असते ना?’

आता माझा पराक्रम. हे दाढ काढायला गेले होते. मी म्हटलं, तेवढ्यात टेबलावरची धूळ झटकू. झटकता झटकता हात स्टेशनपर्यंत गेला. खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात ओघळ नव्हते की गंज नव्हता. मला फक्त एक काळवंडलेली वस्तू दिसली, आणि काळवंडलेल्या वस्तूचं काय करायचं ते माझ्या हातांना पाठ आहे. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना मऊ ब्रश. विटांचा रंग पक्का होता, वरची घाण कच्ची, भराभर निघाली. आजच उद्घाटन असावं असं स्टेशन लखलखायला लागलं. मी ते पुसून, कोरडं करून, दारातून शिरताच दिसेल असं ठेवलं. म्हणजे ह्यांना बरं वाटावं म्हणून, वन्सं.

हे आले. अर्धा गाल बधिर. टेबलावरचा दिवा लावून स्टेशन चारी बाजूंनी फिरवून बघितलं. मग त्या अर्ध्या तोंडाने ‘छान झालंय’ म्हणाले आणि दिवा बंद करून खिडकीपाशी जाऊन बसले. भांडले असते, ताट आपटलं असतं, तुमच्या माहेरच्या पद्धतीने माझं माहेर काढलं असतं तरी मला चाललं असतं. त्या दिवसापासून पुन्हा गुडघ्यांवर हात आणि ‘काही नाही’. पेपरातल्या निविदासुद्धा वाचून काढतात. मला फार वाईट वाटतं हो.

म्हटलं, घाण घालवली आपण, तर आणायचीही आपणच. स्वयंपाकघरात दार लावून आइस्क्रीमच्या डब्यांच्या झाकणांवर सराव सुरू केला. तव्याची काजळी, चहाचं पाणी, व्हिनेगरमध्ये भिजवलेले गंजके खिळे. पहिल्या झाकणावर कुणी तरी चहा सांडला आहे असं दिसत होतं, आणि तसंच झालंही होतं. आयुष्यभर डाग काढले, पण घालता एक येईना. शेवटी मीच त्या ओल्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिले. तेव्हा कळलं की ओघळ कधी मध्येच सुरू होत नाही; तो खिळ्यापासून, पाइपाच्या सांध्यापासून, खिडकीच्या कोपऱ्यापासून निघतो आणि खाली जाताना फिका होतो. हे मला इतकं पटलं की रंगारी पुन्हा आला तेव्हा त्याला मीच परत पाठवलं. आता तो आमच्या घराबद्दल काय समजला असेल ते समजो.

तर मुद्द्याचं. मला घर आठ दिवस मोकळं हवं आहे, म्हणजे टेबलावर बसून स्टेशन होतं तसं करून ठेवीन. ह्यांना तुमच्याकडे बोलावून घ्या. विश्रांतीला ये म्हणालात तर येणार नाहीत. कपाटाचा खण अडकतोय म्हणा. थोरल्या बहिणीचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. मी लिहिल्याचं मात्र बोलू नका. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. खण दुरुस्त झाला की त्यांना स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. नाही तर तुमच्या प्रत्येक डाव-पळीखाली आकृती काढून ठेवतील.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, ते एका परीने बरं झालं. काल दुपारी हे डोळा लागून पडले होते, तेवढ्यात मला राहवलं नाही. स्टेशनची मागची भिंत केली, आणि ती बाजू फळीकडे वळवून ठेवली. स्वतःचं कौतुक करू नये, पण जमली आहे.

ता. क. आज सकाळी उठून बघते तर टेबलावरचा दिवा लागलेला. हे स्टेशन उलटं फिरवून, डोळ्याला भिंग लावून माझी भिंत बघत होते. वर न बघता म्हणाले, ‘हा डावीकडचा ओघळ चुकलाय. पाणी असं वळत नाही.’ मी म्हटलं, वळतं, न्हाणीघरामागे जाऊन बघा. गेलो दोघंही. तिथे तासभर अशी जुंपली की शेजारीण विचारायला आली आणि दूध उतू गेलं. आवाज चांगला खणखणीत आहे हो त्यांचा, मी विसरलेच होते. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! आता ते टेबलाशी बसले आहेत, जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत. तेव्हा वन्सं, काळजी मिटली.

पण बोलवाच त्यांना, आणि पत्र मिळताच बोलवा. ते माझा ओघळ दुरुस्त करणार म्हणताहेत.