पूजेतला पेनड्राइव्ह

श्री. शेखरदाजी यांच्या सेवेशी,

चाकणहून तुमचा मेहुणा गणराज याचा नमस्कार. तुमची कंबर, तुमच्या वडिलांचा म्हणजे नानासाहेबांचा रक्तदाब आणि वर्कशॉपमधलं जुनं लेथ मशीन या तिघांची प्रकृती ठीक असावी. (चौथी प्रकृती तुमच्या संगणकाची. तिची चौकशी करायला मला तोंड राहिलेलं नाही.) माझं बरं चाललंय. कंपनीत शिफ्ट असते, खोलीवर टँकर येतो, आणि तुमच्या चिखलीतून ताईशिवाय कोणी माझ्याशी बोलत नसल्यामुळे विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

मुळात चूक माझ्या हौसेची. लिनक्स ही फुकट मिळणारी, कोणीही उघडून दुरुस्त करावी अशी प्रणाली. ती संगणकावर आपोआप बसवून देणारं एक साधन मी फावल्या वेळात सांभाळतो. (सांभाळतो म्हणजे आधी बिघडवतो, मग सुधारतो.) ते वापरणारी जगातली सगळी माणसं तुमच्या लग्नात एका पंगतीला बसली असती, तरी काही पाट रिकामे राहिले असते. त्यातल्याच एकाने कुठल्याशा देशातून कळवलं, की तुमचं साधन प्रश्न फार विचारतं. ते मला लागलं. मग मी एकेक प्रश्न काढून टाकला: कुठे बसवू, जुनं पुसू का, खात्री आहे का. आता नुसता पेनड्राइव्ह लावायचा, संगणक सुरू करायचा आणि चहाला जायचं. या सुधारणेवर मी इतका खूश झालो, की स्वतःच स्वतःला पेढा भरवला.

त्यात आली खंडेनवमी. वर्कशॉपमध्ये प्रत्येकाने आपापलं हत्यार पूजेला मांडलं. तुम्ही मापाचं व्हर्नियर ठेवलात, तुमच्या किसनने पाना ठेवला, आणि तुमच्या आई मला म्हणाल्या, "तुजं बी हत्यार ठिव की." दाजी, माझ्या कामाला आजवर कोणी हत्यार म्हटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं हो. पेनड्राइव्ह ताटात पान्याखाली जायला लागला, म्हणून मीच तो संगणकाच्या मागे खोचला. आईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, वरून झेंडूची माळ सोडली. पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नसते, म्हणून मीही हलवला नाही. संध्याकाळी वीज गेली आणि आली. वीज आली की आपोआप सुरू व्हायचं आणि सुरू होताना आधी पेनड्राइव्हचं ऐकायचं, असं त्या संगणकाला महिन्यापूर्वी मीच शिकवून ठेवलेलं. त्याने निमूटपणे ऐकलं. सगळ्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग पुसून गेली.

नानासाहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "आरं, दुसऱ्याच्या घरात शिरताना माणूस येऊ का म्हणून इचारतं. तुजं हत्यार समदं घर रिकामं करून वर पाटावर बसलं व्हय?" दाजी, त्या परदेशी गृहस्थापेक्षा नानासाहेबांना माझं साधन जास्त कळलं.

आपलं नशीब, की सुमनताईकडे सगळी नक्कल होती. (भावाचा हात संगणकाला लागणार असं कळलं, की ती आधी नक्कल करून ठेवते. लहानपणी ती माझ्यापासून पेन्सिली लपवायची.) मी तिथेच बसून सगळं परत भरलं आणि खाली मान घालून निघालो. तेव्हापासून नानासाहेबांनी तो संगणक कोणाला बंदसुद्धा करू दिलेला नाही, असं ताई सांगते.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि लेथला लांबूनच रामराम.

तुमचा,
गणराज

ता.क. भाऊबीजेला ताईकडे येऊ का? (बघा, विचारायला शिकलो.) नानासाहेबांकडे तेवढा शब्द टाका. ओवाळून घेईन, लाडू खाईन, संगणकाच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. नवा पेनड्राइव्हही केलाय, तो तीनदा खात्री करून घेतो.

ता.क. दुसरा. तो पत्रासोबत पाठवून तुम्हाला दाखवावा म्हणून आत्ता खिसे उलटे केले. नवा सापडला. कुंकवाचा कुठेच नाही. म्हणजे तो अजून तुमच्या संगणकाच्या मागे, माळेखाली आहे. उद्या गुरुवार, दसऱ्यानंतरचा पहिलाच, तुमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद. तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि ताईचा लागत नाही, म्हणून इकडे माल पोचवायला आलेल्या किसनच्या हाती हे पत्र देतोय आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहितोय: 'आधी शेवट वाचा.' दाजी, पाया पडतो, आधी तो उपटा. भाऊबीजेचं मग बघू.