माझ्याच बैठकीचं मला निमंत्रण

मंगळवार, दिवेलागण

वाचनमंडळाची गुरुवारची बैठक मी सुरू केली, फोनच्या कॅलेंडरात मीच टाकली. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपुरती ती सुलभाच्या नावावर करून दिली आणि आज तिच्याकडून मलाच निमंत्रण आलं. आयोजक: सुलभा. जागा: माझी पडवी नाही, तिचा भाट्यातला, समुद्राजवळचा हॉल. बदलायला गेले, तर कॅलेंडर मला हात लावू देईना.

फोन केला. "सुलभा, माझी बैठक परत कर."

"अहो बाई, आता पाहुण्या म्हणून या की. किती वर्षं सगळ्यांचा चहा उकळणार? आणि इथे वाराही छान येतो."

वारा. जणू माझ्या पडवीत सगळ्या गुदमरत होत्या.

दिलेली वस्तू परत मागू नये, असं शाळेत सिस्टर शिकवायच्या. शाळेत ते ठीक होतं. पण आयोजक सुलभा? जिने आजवर एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही? बाकीच्यांनी तर लगेच 'येणार' म्हणून कळवलंही. बाईंचं नाव कुठे गेलं, हे एकीनेही विचारू नये?

मी 'कदाचित' दाबलं. जाणार तर आहेच, चांगली साडी नेसून. पण खुर्च्या किती मांडायच्या, ते तिला गुरुवारपर्यंत कळायला नको.