मूळ रंग आणि झाक

प्रिय बाबा,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तेव्हा डोळ्यावर ताण येतो ही सबब सांगून आईकडून वाचून घ्यायचं नाही.

काम बरं चाललंय. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला ‘मास्तरीण’ म्हणत जेवढं मिरवता, तेवढं या कृत्रिम डोळ्यांच्या कार्यशाळेत कुणी विचारत नाही. इथले डोळे परदेशातून रंगून येतात. रंगवणाऱ्याला माणूस कधी दिसत नाही, फक्त आमचे इंग्रजी शब्द पोचतात. ते मी लिहिते. ‘ग्रे-ग्रीन’ म्हणजे डोळा मुळात हिरवा, त्यावर राखाडी झाक. ‘ग्रीन-ग्रे’ लिहिलं तर मूळ राखाडी, हिरवी नुसती झाक. शेवटचा रंग घरमालक, आधीचा भाडेकरू, असं आमच्या बाई सांगतात. समोर माणूस बसला की मला ते जमतं.

तुमच्या बाबतीत मात्र सगळा गोंधळ झाला. कारखान्यात लेथवरचा लोखंडाचा कण उडून एक डोळा गेला, तेव्हापासून तुमचा काळा चष्मा जेवतानाही उतरत नाही. शेजारची छोटी तुम्हाला बघून रडली, तर म्हणालात, बरं झालं, आता निम्म्याच लोकांची तोंडं बघावी लागतात. सगळे हसले, मला काही हसू आलं नाही. मनाशी ठरवलं, बाबांना न सांगता डोळा मागवायचा. माप दवाखान्यात होतंच, प्रश्न रंगाचा होता. आई म्हणाली घारा. आत्या म्हणाली, छे, हिरवट. दादा म्हणाला, बाबांच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी कधी हिंमत झालीय? फोटोत तर तुम्ही हसताय आणि डोळे मिटलेले! शेवटी आठवलं, सगळे म्हणतात, पोरीने डोळे बापाचे घेतलेत. आरशासमोर बसले आणि ‘ग्रे-ग्रीन’ लिहून टाकलं.

परवा डबी आली, तेव्हा आई इथेच होती. उघडून म्हणाली, अगं, हा तर तुझा डोळा! त्यांचा असा नाही. मग कसा, विचारलं तर शब्द शोधत बसली. तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. रोज परक्यांच्या डोळ्यांत निरखून बघणारी मी, तुमच्या डोळ्यांत कधी बघितलंच नाही का? की बघितलं, पण त्यात स्वतःलाच शोधत राहिले?

डोळा बसवून घ्या, असं सांगायला हे पत्र लिहीत नाहीये. ते तुमचं तुम्ही ठरवा. डबी मी परत पाठवतेय. रविवारी सकाळी येईन. स्वयंपाकघराच्या खिडकीशी चष्मा काढून बसा. मिटल्या पापणीचा संकोच माझ्यापुढे नको. घरमालक कोण, भाडेकरू कोण, मला एकदा नीट बघू द्या. फक्त तेवढा वेळ विनोद करू नका. हसताना माझेही डोळे मिटतात, तुमच्यासारखेच.

तुमचीच,
मास्तरीण