ताटाच्या कडेला मिरी

ता. ३, मंगळवार, संध्याकाळ
आज घरात बोलाचाली झाली. कारण काय, तर बटाटे. मी एवढंच म्हणालो की मंडईजवळच्या मिशीवाल्याच्या हॉटेलात बटाटे कसे झकास होतात, आणि तिथे मिरी अशी जाड भरडून घालत नाहीत. यात नवीन काही नव्हतं. लग्न झाल्यापासून मी हेच म्हणतो आहे. मिरीचे दाणे नेहमीप्रमाणे ताटाच्या कडेला ओळीने काढून ठेवले होते. हिने ती ओळ पाहिली, मग मला पाहिलं, हात पुसले आणि बॅग भरायला घेतली. म्हणाली, बहिणीकडे जाते. मी विचारलं, येणार कधी? म्हणाली, तुमच्या जिभेला विचारा.
हिचा राग दोन दिवस टिकतो. मी फोन करणार नाही. लिहून ठेवतो, म्हणजे मोडता येणार नाही.

ता. ४, बुधवार
काय मोकळं वाटतंय! जन्मभर वजनकाटे दुरुस्त करत गावोगाव फिरलो, मिळेल तिथे जेवलो. त्यातून जीभ अशी तयार झाली की तीच एक काटा. मीठ जरा इकडचं तिकडे झालं की हललाच. घरात या जिभेची कदर झाली नाही. आता रोज बाहेर जेवायचं आणि प्रत्येक हॉटेलाला दहापैकी गुण द्यायचे. हे काम कुणीतरी करायलाच हवं होतं.
सुरुवात मिशीवाल्यापासून. बटाटे ठीक. म्हणजे, ठीकच.

ता. ६, शुक्रवार
मिशीवाला बिघडला. त्याला तोंडावर सांगितलं, पूर्वीची चव राहिली नाही. म्हणाला, काका, आचारी तोच, कढई तीच, तेलसुद्धा तेच. (तेलाबद्दल मला शंका नाही. तेच असणार.) वर विचारतो, काकू आजारी आहेत का? म्हटलं, फिरायला गेल्यात. तर म्हणे, पूर्वी तुम्ही घरच्या जेवणाला कंटाळून यायचात, तेव्हा आमचं गोड लागायचं. आता कशाला कंटाळून येता? आगाऊ माणूस.
तीन गुण. मिशीचा एक धरून.
हिचे दोन दिवस काल संपले. बस चुकली असेल.

ता. ९, सोमवार
नवं हॉटेल, चहूबाजूंनी काचेचं. मेनूकार्ड म्हणजे लग्नाचा अल्बम. वेटर सर म्हणाला, म्हणून मीही पाठ ताठ केली. परातीएवढ्या पांढऱ्या बशीत मधोमध तीन पानं आणि एक ठिपका आला. मी जेवणाची वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळाने वेटर वाकून म्हणाला, सर, आवडलं नाही का? तेच जेवण होतं.
घरी येऊन बिस्किटं शोधली. डबा सापडेना. ही कुठे ठेवते कुणास ठाऊक. फोन करून विचारावं असं मनात आलं. पण मी केला असता बिस्किटांसाठी, आणि तिला वाटलं असतं तिच्यासाठी. उगाच गैरसमज नको. उपाशी झोपतो.

ता. १२, गुरुवार, सकाळ
पोट गेलं कामातून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाहेरचं बंद. मी समजावलं की मी अभ्यास म्हणून खातोय. म्हणाल्या, मग नापास झालात. घरी मऊ भात करून खा. भात म्हणजे काय मोठंसं! तांदूळ, पाणी, विस्तव.

दुपार
पातेलं गेलं. तिचं लाडकं, जाड बुडाचं. बोटंही भाजली. ती यायच्या आत हुबेहूब तसलंच आणून ठेवायचं.

संध्याकाळ
लेकीचा फोन. बाबा, आईला एक फोन करा ना. म्हटलं, तिचा हात काय मोडलाय? लेक म्हणाली, अहो, तिला श्वास घ्यायला वेळ नाही. दुपारी बारा ते तीन तर बोलूच शकत नाही ती. फोन ठेवल्यावर उलगडा झाला. बारा ते तीन रडत असणार. जेवणाची वेळ ना, माझी आठवण येत असणार. बिचारी. वाईट वाटलं.
मलाही त्याच वेळेला काहीतरी होतं. पण ते पोटाचं आहे.

ता. १५, रविवार
कोपऱ्यावरच्या दुकानदाराने काटा पाहायला बोलावलं. म्हणे रिकामा असला तरी शून्याच्या खाली जातो, पार बिघडलाय. विचारपूस केली. साहेबांनी काट्यावर एक डबा ठेवून शून्य लावलेलं. डबा वर्षानुवर्षं तिथेच. त्याचं वजन म्हणून कधी दिसायचंच नाही. परवा डबा उचलला आणि तेव्हापासून काटा बिघडला म्हणून बोंब! पोट धरून हसलो. म्हटलं, अरे शहाण्या, काटा नाही बिघडला, तुझा डबा गेला! काय काय माणसं असतात.
तिथून दोन हॉटेलं केली. दोन्ही बिघडलेली. या गावातली यच्चयावत हॉटेलं एकाच पंधरवड्यात बिघडली आहेत. तेलवाल्यांचा काहीतरी कट असावा.

ता. १७, मंगळवार
चहाच्या दुकानात बसलो होतो. सवयीने दोन सांगितले. दुसरा कप समोर निवत राहिला, वर साय धरली. पोऱ्या म्हणाला, कुणी यायचंय का? म्हटलं, हो. मग उठता येईना. दुकान आवरेपर्यंत बसून राहिलो.
गुण दिले नाहीत.

ता. २०, शुक्रवार
फोन करणार नाही हे ठरलेलंच आहे. पण जाणार नाही असं कुठे लिहिलंय? मागची पानं उलटून पाहिली. कुठेही नाही.
मेहुणी बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहते. बसस्टँडसमोर गॅरेजात तिचं शिवणकामाचं दुकान आहे म्हणतात. मी तिच्या घरी कधी गेलो नाही. तीच यायची, आणि आली की मला टोमणे मारून जायची. बेत असा: सहज आल्यासारखं जायचं. वाक्य पाठ केलंय: 'इकडे एका काट्याचं काम होतं.' मग ही रडेल. मी मोठ्या मनाने विषय मिटवीन. चार वाजताची बस धरून दोघं परत.
एकच खबरदारी. भुकेलेला दिसता कामा नये. आधी बाहेर पोटभर जेवायचं, मगच दार वाजवायचं.

ता. २२, रविवार, बसमधून
वाटेत बस एका ढाब्यावर थांबली. सूप घेतलं. कपबशा विसळलेलं पाणी यापेक्षा दाट असतं. ड्रायव्हर मात्र बाहेर नुसता पाय मोकळे करत होता. त्याला छेडलं, काय हो, आम्हाला इथे खायला घालता आणि स्वतः उपाशी? हळूच म्हणाला, आजोबा, मी पुढे स्टँडसमोर जेवतो. दोघी बायकांनी नवीनच सुरू केलंय. आधी घरी जेवायचो, आता बायको रागावली तरी तिथेच जेवतो.
असल्या माणसाच्या बायकोची कीव येते.

त्याच दिवशी, पावणेदोन, जेवणाच्या टेबलावरून
सापडलं! इतक्या दिवसांनी खरं जेवण सापडलं!
जागा यथातथाच. शटरवर शिवणकामाचीच जुनी पाटी. टेबलं म्हणजे शिलाई मशीनची, वर चादरी घातलेली; जेवताना पाय पॅडलवर जातो आणि आपोआप चालायला लागतो. वाढायला ठेवलेल्या कुणा बाईच्या गळ्यात मापाची टेप. बाहेर ही रांग. पण जेवण! भात असा की एकेक दाणा सुटा. आणि बटाटे! वर जाड भरडलेली मिरी. दाताखाली आली की डोळ्यांत पाणी. मिशीवाल्याने इथे येऊन पाय धरावेत. तीनदा वाढून घेतलं. रडलो बहुतेक थोडासा. मिरीमुळे.
टेपवाल्या बाईला सांगितलं, ज्यांनी हे केलंय त्यांना बाहेर बोलवा, मला त्यांना नमस्कार करायचाय. जन्म गेला, पण आमच्या घरात असं ताट समोर आलं नाही. आमच्या हिला इथे चार दिवस शिकायला पाठवतो. बाई हसत आत गेली.
दहापैकी दहा. हे जेवून तिला भेटायचं म्हणजे
पडदा हलला. येतायत.

संध्याकाळ, लॉजची खोली
ही होती.
माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. ताटाकडे पाहिलं. कडेला एकही दाणा नव्हता. म्हणाली, आज मिरी चालली वाटतं.
मी पाठ केलेलं म्हणालो: इकडे एका काट्याचं काम होतं. म्हणाली, बरं.
आतून मेहुणी ओरडली, भावोजी, पाठवा हो तुमच्या हिला शिकायला, एक जागा आहे! रांगेतली माणसंसुद्धा हसली. ड्रायव्हर तर फारच.
मी हळू आवाजात विचारलं, घरी कधी येतेस? म्हणाली, इथे माणसं उन्हात उभी राहतात, जेवतात, आणि जाताना आत डोकावून सांगून जातात की छान झालं होतं. एवढंच. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर राग दोन दिवसांत उतरला असता. मग माझ्या बोटांवरचा फोड पाहून म्हणाली, पातेलं जाळलंत का? म्हटलं, छे. म्हणाली, जाड बुडाचं ना?
मी म्हटलं, मी इथेच येत जाईन जेवायला. म्हणाली, या की. रांगेत उभं राहावं लागेल. आणि सोमवारी बंद असतं. मी दारापर्यंत गेलो तेव्हा पुन्हा म्हणाली, ऐकलंत ना, सोमवारी बंद.
चार वाजताची बस गेली.

ता. २३, सोमवार, सकाळी
शटर खाली आहे. रांगेत पहिला मीच. मागे कुणी नाही.