अर्धा कोयता

मंगळवार, संध्याकाळ. शिरूर कासार.

आज अकरावीला लिमिटिंग रिएजंट शिकवला. जो पदार्थ आधी संपतो, तोच किती तयार होणार ते ठरवतो. मुलं मात्र वजनाला कमी असेल तोच निवडत राहिली. म्हणून मी ऊसतोडीचं उदाहरण घेतलं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. फळ्यावर पुरुषांच्या पाच रेघा, बायकांच्या तीन. कोयते किती?

“तीन!” वर्ग ओरडला. मी रेघांखाली तीन लिहिलं. मागून एकजण म्हणाला, “उरलेल्या दोघांचं लगीन लावा, सर!” सगळे हसले. सविता हसली नाही. ती त्या उरलेल्या दोन रेघांकडे बघत होती.

कॉलेज सुटल्यावर ती वडिलांना घेऊन आली.

“उद्या हिला तोडीला नेतो, सर,” ते म्हणाले. “हिच्या मायचं आपरेशन झालंय. एकट्याचा अर्धाच कोयता. मुकादम अर्धा घेत न्हाई.”

“आणि परीक्षा?” मी तिलाच विचारलं.

“तुमीच शिकवलं की, सर. आमच्यात माय कमी पडली.”

वर्गात सगळ्यात आधी समजलं ते तिला. दुसरं उदाहरण का सुचलं नाही? पोळ्या आणि भाजी चाललं असतं.

फळा पुसायला वर्गात गेलो. उरलेल्या दोन रेघांपैकी एकीच्या शेजारी कुणीतरी खडूने आखूड रेघ ओढली होती. खाली लिहिलेल्या तिनाचे चार केले होते.

उत्तर बरोबर होतं. फळा तसाच ठेवून आलो.