यंत्राचं काही चुकत नाही

देवगड,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

चि. तेजूस,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा बरा आहे, मांजरी बरी आहे, शेजारच्या आनंदीबाईंची जीभही ठणठणीत आहे. घरात फोन असताना आईचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं, असं समजून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. उलट... पण ते पुढे लिहिते.

बोलताना आपण दोघी मालवणीत बोलतो, पण हातात पेन धरलं की माझ्यातून शाळेतली मराठी बाहेर पडते, त्याला इलाज नाही. फोनवर सांगायचा प्रयत्न मी केला होता. दर वेळी सुरुवात केली आणि दर वेळी "जेवलीस का?" वर गाडी आणून थांबवली. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून कागद घेतला.

इकडचं सगळं ठीक. पुढच्या अंगणाचा खळा चोपून, सारवून झाला. तुळशीचं लग्न लागलं. यंदा ऊस वाकडा मिळाला, त्यामुळे नवरा जरा झुकलेला दिसत होता, पण तुळस काही बोलली नाही. डब्यांचं काम चालू आहे. बँकेत नवे साहेब आलेत, ते मासे खात नाहीत. देवगडात बदली होऊन कोबीची भाजी मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पण स्वभावाने भले आहेत, डबा धुऊन परत देतात.

आता यंत्राबद्दल.

गणपतीत तू ते माझ्या हातात ठेवलंस तेव्हा मी हसले होते. चिमट्याएवढी ती पांढरी वस्तू. दोरीवरच्या सगळ्यांत जाड कपड्याला लावायची, त्यातही सगळ्यांत जाड जागी, आणि कपडा सुकला की माझ्या फोनवर टुंग, तिकडे तुझ्या ऑफिसातही टुंग. कपडा सुकला की नाही ते गालाला लावलं की कळतं, त्याला फोन कशाला, असं मी म्हटलं होतं. पण खोटं कशाला बोलू, उपयोग झाला. डबे पोचवायला बाजारात जाते तेव्हा कपड्यांकडे निम्मा जीव अडकलेला असायचा, तो सुटला. आता टुंग वाजेपर्यंत मी निवांत कोथिंबीर निवडून घेते.

आणि रविवारी तुझा फोन आला. एरवी तू भरभर बोलतेस, त्या दिवशी आवाज बसलेला होता. म्हणालीस, ऑक्टोबरपासून आईच्या घरचे आकडे वेडेवाकडे येतायत. एवढं ऊन पडतंय, दोन-तीन तासांत सुकायला हवं, पण यंत्र म्हणतंय संध्याकाळपर्यंत ओलं, कधी कधी तर दुसऱ्या दिवशीपर्यंत ओलं. ऑफिसातल्या कौस्तुभचं म्हणणं, समुद्राच्या खाऱ्या हवेने यंत्र बिघडलं. आता विक्रीला काढण्याआधी आतलं सगळं गणित बदलायचं. कोकणातल्या दमट हवेसाठी असं काहीतरी करू, ही कल्पना तुझी, आणि तुझ्याच आईच्या दोरीवर ती आपटली. शनिवारी दुसरं यंत्र घेऊन येते म्हणालीस. मी म्हटलं, ये गो. आणि विचारलं, जेवलीस का.

तेजू, यंत्राचं काही चुकत नाही. गणित बदलू नका. कौस्तुभला सांग, खारी हवा बिचारी काही करत नाही.

तू सांगितलंस तसंच मी केलं. जाड कपडा, जाड जागा. गणपतीनंतर काही दिवस मी ते चादरीला लावत होते, तेव्हाचे आकडे बघ, सरळ असतील. ऑक्टोबरपासून आमच्याकडे सगळ्यांत जाड कपडा आहे खाकी पँट, आणि तिची सगळ्यांत जाड जागा म्हणजे खिसा. ती पँट मी उन्हात घालत नाही. मागच्या पडवीत, दोन साड्यांच्या आड घालते. तिथे ऊन नाही की वारा नाही. खिसा संध्याकाळपर्यंत ओला राहतो आणि यंत्र तेवढंच सांगतं.

आता तू विचारशील, पँट कोणाची.

परशुराम तुला माहीत आहेत. तुझी कणकवलीच्या कॉलेजची पहिली एसटी चालवायचे ते. तू ओले केस तसेच घेऊन धावत सुटायचीस आणि ते आपल्या कुंपणाच्या गडग्याजवळ गाडी हळू करून दोनदा हॉर्न द्यायचे. तू त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचीस. मीही तेव्हा परशुरामभाऊ म्हणायचे. ते आता जमत नाही.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. बायको जाऊन खूप वर्षं झाली, मूलबाळ नाही, म्हणून माझा डबा लावला. खाकी पँट मात्र सोडवत नाही त्यांना, कापड मजबूत आहे म्हणतात. यंदा आषाढात रिकामा डबा परत द्यायला आले आणि आपल्याच पायरीवर घसरून पाय मोडून घेतला. खारेपाटणला पुतण्याकडे दोन खोल्या आणि माणसं सहा. मी म्हटलं, पाय बरा होईपर्यंत इथेच पडवीतल्या खोलीत राहा. पाय बरा झाला. ते जातो म्हणाले नाहीत आणि मी जा म्हटलं नाही.

गणपतीत तू आलीस तेव्हा ते पुतण्याकडच्या गणपतीला गेले होते. मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांची एक पँट राहिली होती, ती मी तांदळाच्या पिंपामागे कोंबली. या वयात मी पँट लपवत फिरत होते आणि तू माजघरात बसून मला यंत्र कसं चालतं ते समजावत होतीस. पण त्या दिवसांत, तू घरात असूनही, मला सारखं वाटायचं की फाटक वाजेल. वाजत नव्हतं. हे तुला लिहिताना बरं वाटत नाही, पण ते खरं आहे. तू गेल्यावर तीन आठवड्यांनी फाटक वाजलं. दोन मोठ्या काकड्या हातात घेऊन ते उभे होते आणि मी त्या घेतल्या.

तुला का सांगितलं नाही? तू अकरावीत होतीस. यशोदामावशीने जेवताना सहज विषय काढला होता, सुभद्राचं वय काही झालेलं नाही, कुणीतरी बघायला हवं. तू ताटावरून उठलीस आणि म्हणालीस, "ह्या घरात दुसरो माणूस इलो तर मी परत येवचंय नाय." तुला कदाचित आठवतही नसेल. मला आठवतं. घरी येणारी तू एकटीच, आणि तू यायची बंद झालीस तर मी काय करायचं, याच भीतीने मी पँट साड्यांच्या आड घालत होते.

बाबांचा फोटो होता तिथेच आहे. त्याच्यावरची धूळ परशुरामच पुसतात, कारण माझा हात तिथवर पोचत नाही. पुसताना काहीतरी पुटपुटतात. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी आपलं बोलणं त्यांनी ऐकलं. मी फोन ठेवला. मग म्हणाले, "सुभद्रा, माझी पँट लपवतंस ता लपव. पण त्यापायी तुझ्या चेडवाचा काम बिघडता. ता माका चलाचा नाय."

मी रागावले. पण काल दिवसभर कोबी चिरताना तेच डोक्यात. तुझं काम खोटं ठरवून मी माझं घर झाकत होते.

म्हणून आज सकाळी पँट धुतली आणि पुढच्या खळ्यात, मधल्या दोरीवर, रस्त्यावरून दिसेल अशी घातली. यंत्र खिशाला लावलं आणि मागे वळले, तर गडग्यापलीकडे आनंदीबाई उभ्या. मी म्हटलं, आलं आता. त्या पँटीकडे बघून म्हणाल्या, "इतके दिवस आत घालून कुबट करून टाकलंस गो ती. आमका काय डोळे नाय? आणि सहीक माका घेवन जा, साडी काढून ठेवलंय."

सही कसली, ते आता सांगते. महिना होत आला, आम्ही ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन नोंदणी लग्नाचा अर्ज देऊन आलो. एसटीने गेलो. जाताना आणि येताना ते ड्रायव्हरच्या गिअर टाकण्याला नावं ठेवत होते. तिथल्या फळ्यावर नोटीस लागली, ती वाडीतल्या कुणीतरी वाचली. म्हणजे सगळ्या वाडीला ठाऊक होतं, माझ्या डब्यांच्या गिऱ्हाइकांनाही असणार. एवढे दिवस मी साड्यांच्या आड जे लपवत होते ते फक्त पुण्यातल्या एका मुलीपासून, आणि तिच्या ऑफिसात ते रोज आकड्यांत जाऊन पडत होतं.

येत्या सोमवारी लग्न आहे. तीन साक्षीदार लागतात. एक पुतण्या, दुसऱ्या आनंदीबाई. तिसरी जागा मी रिकामी ठेवली आहे. तुला नकोसं वाटलं तर बँकेतले साहेब सही करतील, नाही म्हणणार नाहीत ते. अर्ज मात्र मी मागे घेणार नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे शनिवारी माझं तोंड बघून तुला हो म्हणावं लागणार नाही आणि माझं तोंड बघून नाहीही म्हणता येणार नाही. तुझ्या मनाशी ठरवून ये.

मी सुखात आहे, तेजू. संध्याकाळी दोन कप चहा टाकते आणि दुसरा कप थंड होत नाही. यापेक्षा मोठं काही सांगण्यासारखं नाही, पण मला ते पुष्कळ आहे.

हे लिहितानाच आत्ता फोन टुंग वाजला. अजून बाराही झाले नाहीत. मी उठून खळ्यात गेले, खिशात हात घातला, मग गालालाही लावून पाहिला. कोरडा. परत येऊन बसते तोच तुझा निरोप: "आई, आज आकडा एकदम बरोबर आला. काय केलंस?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. उत्तर हे आहे. स्पीड पोस्टाने टाकायला परशुरामच नेतील, आज सुकलेली पँट घालून. शनिवारी तू निघण्याआधी पोचेल असं ते म्हणतात, आणि वेळापत्रकाच्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

शनिवारी ये. रागावली असलीस तर रागवायला ये, पण ये. दुसरं यंत्र आणू नकोस, पहिलं अगदी खरं बोलतं. आणि आधार कार्ड विसरू नकोस, साक्षीदाराला लागतं.

सोमवारी कचेरीतल्या कागदावर माझं काय काय बदलेल ते बदलेल. खाली लिहिलंय तेवढं बदलणार नाही.

तुझी
आई